ब्रूकलँड्स कसं बघायचं: आधी रस्ता, मग गाड्या

लंडनला येणारे आपले लोक लंडन आय बघतात, मादाम तुसाँ बघतात, लॉर्ड्सबाहेर फोटो काढतात आणि घरात कुणी गाडीवेडं असेल तर विचारतात की इथे गाड्यांचं काही आहे का. आहे ना! लंडनच्या बाहेर सरे काउंटीत वेब्रिज नावाचं गाव आहे, तिथे ब्रूकलँड्स म्युझियम. रेसिंगचा इतिहास जिथे घडला त्याच जागेवर ते उभं आहे, आणि नेमकं हेच कळलं नाही तर तुम्ही तिथे जाऊन चार जुन्या गाड्या बघून, चहा पिऊन परत याल. मी पहिल्या वेळेस तेच केलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

झालं काय, की आत शिरल्या शिरल्या काँकॉर्ड दिसलं. मग काय, तिकडेच पळालो, मग बाकीची विमानं, मग खाणं, मग शेडमधल्या गाड्या पटापट, आणि बंद व्हायला वीस मिनिटं असताना मागच्या बाजूला एक मोठी वाकडी काँक्रीटची भिंत दिसली. म्हटलं ही कसली भिंत? ती भिंत नव्हती, तो रस्ता होता. तोच बघायला यायचं असतं आणि माझ्याकडे उरली होती वीस मिनिटं.

दुसऱ्यांदा गेलो ते बाबा भारतातून आले होते तेव्हा. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मेकॅनिक, त्यामुळे यावेळी नीट ठरवून गेलो. ते कसं ते सांगतो.

जायचं कसं: वॉटर्लूवरून वेब्रिजची ट्रेन घ्या, साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, स्टेशनवरून पायी वीस-पंचवीस मिनिटं. म्हातारी माणसं सोबत असतील तर टॅक्सी करा, उगाच तिथेच दमवू नका कारण आत भरपूर चालायचंय. गाडीने आलात तर एम पंचवीस हायवेवरून जवळ पडतं. तिकीट आणि वेळा निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेळा वेगळ्या असतात, काँकॉर्डच्या आत जायचे वेगळे पैसे पडतात. आणि एक महत्त्वाचं, जी गाडी बघायला चाललाय ती त्या दिवशी जागेवर आहे का ते आधी विचारून घ्या. इथल्या काही गाड्या अजून चालत्या आहेत आणि कधी कधी दुसरीकडे कार्यक्रमाला नेलेल्या असतात. बूट पाणी न शिरणारे घाला, निम्मं म्युझियम उघड्यावर आहे आणि इंग्लंडच्या पावसाचं तुम्हाला माहितीये.

आत गेल्यावर कुठेही न थांबता सरळ मेंबर्स बँकिंगकडे, म्हणजे त्या वाकड्या काँक्रीटच्या रस्त्याकडे जा. काँकॉर्डकडे बघू नका, ते कुठे पळून जात नाही.

बँकिंग म्हणजे काय ते इथे पायाने कळतं. रस्ता १०० फूट रुंद आणि वळणावर बाहेरची कड जवळजवळ २९ फूट उंच, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी उचललेली. गावच्या जत्रेत मौत का कुआं बघितलाय ना, लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकलवाला गोल गोल फिरत वर चढतो आणि पडत नाही? तेच तत्त्व. वेग जितका जास्त तितकी गाडी वर, वेग कमी तर खाली. सपाट वळणावर गाडी बाहेर फेकली जाते, इथे रस्ताच आत झुकलाय म्हणून गाडी त्यावर दाबली जाते आणि स्टिअरिंग फार न वळवता वळते. खाली उभे राहून वर बघा, मग जिथे परवानगी असेल तिथून थोडं चढून बघा, बूट घसरायला लागले की कळेल की १९०७ साली लोक तिथे पातळ टायरवर काय करत होते.

१९०७ म्हणजे बघा, गाड्या बनवणं हाच धंदा नवा होता. ब्रिटनमध्ये तेव्हा रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती, म्हणजे ३२ किलोमीटर, आणि सार्वजनिक रस्त्यावर रेस लावायला मनाई. फ्रान्स-इटलीत गावागावांतून रेस व्हायच्या, तिकडच्या कंपन्या त्यातून शिकून पुढे चाललेल्या. ह्यू लॉक किंग नावाचे एक श्रीमंत जमीनदार १९०५ मध्ये इटलीत रेस बघायला गेले आणि ब्रिटिश गाड्या तिथे कुठेच नाहीत हे त्यांना खटकलं. परत येऊन त्यांनी स्वतःच्या इस्टेटीवर, स्वतःच्या खिशातून ट्रॅक बांधायला घेतला. कर्नल होल्डन यांनी आखणी केली, साधारण नऊ महिन्यांत पावणेतीन मैलांचा, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटरचा ट्रॅक उभा राहिला आणि १७ जून १९०७ ला उघडला. मुद्दाम मोटार रेससाठी बांधलेला, कडा उचललेला जगातला पहिला ट्रॅक. खर्च इतका वाढला की साहेब बुडायची वेळ आली, तब्येतही ढासळली, आणि कारभार सावरला तो त्यांच्या बायकोने, एथेल लॉक किंग यांनी. उद्घाटनाच्या दिवशी गाड्यांच्या मिरवणुकीत पुढे त्याच होत्या, स्वतः गाडी चालवत.

आता खाली वाकून काँक्रीट बघा, हे कुणी बघत नाही. त्या उतारावर डांबर टाकायचं तंत्र तेव्हा नव्हतं म्हणून साधं काँक्रीट, आत सळ्या नाहीत, तुकड्या-तुकड्यांत ओतलेलं. जमीन बसत गेली तसा रस्ता खचला, भेगा पडल्या, दर हिवाळ्यात डागडुजी. (खड्डे आणि डागडुजी हा विषय आपल्याला नवीन नाही म्हणा.) वे नदीवर जिथून ट्रॅक पुलावरून जायचा तिथे तर असा उंचवटा झाला की जोरात आलेली गाडी चारही चाकं सोडून हवेत उडायची, त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत, म्युझियममध्ये शोधा. हा धक्का डोक्यात ठेवा, आता गाड्या बघायला गेल्यावर कामाला येतो. स्प्रिंगा एवढ्या जाड का, चासी म्हणजे खालचा सांगाडा एवढा अवजड का, ड्रायव्हरच्या कमरेला आणि पोटाला पट्टे का बांधायचे, सगळ्याचं उत्तर या काँक्रीटमध्ये आहे.

आता गाड्यांकडे.

सगळ्या गाड्या बघायच्या नादात पडू नका. एक गाडी निवडा आणि तिच्यापुढे वीस मिनिटं थांबा, आणि ती गाडी कोणती यात प्रश्नच नाही, नेपियर-रेल्टन. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचं अंग, लांबलचक नाक, लांबून बघितलं तर चाकं लावलेलं विमान वाटावं, आणि ते खरंही आहे कारण आत विमानाचंच इंजिन आहे. नेपियर लायन, बारा सिलिंडर, चार-चारच्या तीन रांगा, जवळजवळ २४ लिटर. आपल्या स्विफ्टचं १.२ लिटर धरलं तर वीस स्विफ्टची इंजिनं एका गाडीत. १९३३ मध्ये रीड रेल्टन यांनी जॉन कॉब या ड्रायव्हरसाठी डिझाइन केली, बांधली इथेच, थॉमसन अँड टेलरच्या वर्कशॉपमध्ये.

आमच्या बाबांनी काय केलं माहितीये, नाकाचा फोटो काढायचा सोडून ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मग उठले, मागे गेले, तिथे बसले. मग मला म्हणाले, "अरे, हिला पुढे ब्रेकच नाहीत." मी म्हटलं असतील हो बाबा, आत असतील. तिथे एक आजोबा स्वयंसेवक उभे होते त्यांना विचारलं तर ते खूश, म्हणाले बरोबर, फक्त मागे ब्रेक. दोन टनाच्या आसपासची गाडी, ताशी २३० किलोमीटर, आणि ब्रेक मागच्या दोन चाकांना! कारण सोपं आहे, बाहेरच्या गोल ट्रॅकवर ब्रेक मारायचाच नसतो, मारायचा तो शेवटी थांबायला. तोपर्यंत बँकिंग सांभाळतं. म्हणून म्हणतो आधी रस्ता बघा, नाहीतर पुढे ब्रेक नाहीत हे दिसलं तरी का ते कळत नाही.

तर कुठलीही रेसिंग गाडी अशी बघायची. आधी चाकं आणि ब्रेक, म्हणजे ती कुठल्या रस्त्यासाठी बनवली ते कळतं. मग एक्झॉस्ट, म्हणजे धुराचा पाइप, कुठून जातो ते बघा. मग ड्रायव्हर कुठे बसतो, पाय कुठे ठेवतो, समोर वारा अडवायला काही आहे का. आणि मग स्वतःला विचारा की ही बिघडली तर खोलायची कुठून. बाबांचा हा शेवटचा प्रश्न कायम असतो, घरचा मिक्सर घेतानाही.

एक्झॉस्टचं म्हटलं तर त्यात दोन किस्से आहेत. एक, ब्रिटनची पहिली ग्रां प्री, म्हणजे मोठी आंतरराष्ट्रीय मोटार रेस, इथेच झाली, ७ ऑगस्ट १९२६ ला. जिंकली डेलाज गाडीने, रोबेर सेनेशाल आणि लुई वाग्नर यांनी आळीपाळीने चालवून. आळीपाळीने का, तर एक्झॉस्टचा पाइप ड्रायव्हरच्या पायाशेजारून जायचा आणि पाय भाजायचे, मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायच्या जागी, येऊन थंड पाण्यात पाय बुडवून बसायचे आणि दुसरा चालवायचा. जिंकणाऱ्यांची ही अवस्था, हरणाऱ्यांचं काय. दुसरा किस्सा आवाजाचा. ट्रॅक उघडून अकरा दिवस झाले नाहीत तोच सेल्विन एज नावाच्या पठ्ठ्याने नेपियर गाडी सलग २४ तास एकट्याने चालवली, रात्री कडेने कंदील लावून, १५८१ मैल म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर, सरासरी ताशी १०६ किलोमीटर. विक्रम झाला पण आजूबाजूच्या बंगलेवाल्यांची झोप उडाली, ते कोर्टात गेले आणि रात्रीची रेस कायमची बंद. मग पुढे २४ तासांची रेस घ्यायची तर काय करायचं? १९२९ पासून डबल ट्वेल्व्ह काढली, पहिल्या दिवशी बारा तास, रात्री गाड्या कुलूपबंद, दुसऱ्या दिवशी उरलेले बारा. आणि सायलेन्सरही सक्तीचा झाला, मोठा डबा आणि मागे माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड. जुन्या ब्रिटिश गाड्या-मोटरसायकलींवर ते फिशटेल दिसलं की समजायचं, हे शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे आलंय.

एफवन बघणाऱ्यांसाठी एक मजा. पॅडॉक, म्हणजे रेसआधी गाड्या तयार ठेवायची जागा, हा शब्द तुम्ही रेसच्या रविवारी ऐकता. तो घोड्यांच्या रेसमधला. ट्रॅक झाला तेव्हा मोटार रेस चालवायची कशी याचे नियम कुणाकडे होते? मग घोड्यांचेच उचलले. पॅडॉक, क्लार्क ऑफ द कोर्स (रेसचा मुख्य अधिकारी), बुकी, पैजा, आणि सुरुवातीला तर गाड्यांवर नंबर नव्हते, ड्रायव्हर जॉकीसारखे रंगीबेरंगी सदरे घालायचे. पुणे किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ज्यांच्या घरचं कुणी कधी गेलं असेल (कबूल करणार नाहीत) त्यांना हँडिकॅप लगेच कळेल. घोड्यावर वजन वाढवतात, इथे सेकंद वाढवायचे. म्हणजे छोटी ऑस्टिन सेव्हन आधी सोडायची, मोठं धूड शेवटी, आणि हिशोब असा करायचा की शेवटच्या लॅपला, म्हणजे फेरीला, सगळ्या जवळजवळ यायला पाहिजेत. हा हिशोब एबलव्हाइट नावाचे टाइमकीपर करायचे. रेस लावणाऱ्यापेक्षा मला हा माणूस जास्त भारी वाटतो. क्लबहाउस आणि पॅडॉकच्या भागात फिरताना हे लक्षात ठेवा, नाहीतर त्या नुसत्या जुन्या इमारती वाटतात.

सोबत कंटाळणारं माणूस असेल तर? असतंच. आमच्याकडे बायको. तिला गाड्यांमध्ये शून्य रस, पण तिला मी बायकांच्या गोष्टी सांगितल्या आणि मग तीच पुढे. ४ जुलै १९०८ ला इथे लेडीज ब्रेसलेट हँडिकॅप झाली, म्युरिअल थॉम्पसन जिंकल्या, गाडीचं लाडाचं नाव पॉबल. नंतर आयोजकांना हे झेपलं नाही आणि बायकांच्या रेस बंद, पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू परत सुरू. मग के पेट्री, उंची पाच फुटांपेक्षा कमी, चालवायच्या साडेदहा लिटरची, बारा सिलिंडरची व्ही-ट्वेल्व्ह डेलाज, पॅडलला लाकडाचे ठोकळे लावून कारण पाय पुरायचे नाहीत. १९३५ मध्ये त्यांची आणि ग्वेंडा हॉक्स यांची चुरस लागली, पेट्रींचा लॅप ताशी १३४.७५ मैल, हॉक्स यांचा १३५.९५. ताशी दोनशे पंधरा-वीस किलोमीटर, त्या खचलेल्या काँक्रीटवर. बायको म्हणाली, "आणि तू मला पार्किंग जमत नाही म्हणतोस." सोडा.

मोटरसायकलवाले असतील तर त्यांना गोल्ड स्टारची गोष्ट सांगा. इथे रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारला की क्लब सोन्याचा तारा असलेली पिन द्यायचा. ३० जून १९३७ ला वॉल हँडली यांनी बीएसए कंपनीच्या एम्पायर स्टारवर ताशी १०७ मैलांच्या वर लॅप मारला, तारा मिळवला आणि कंपनीने पुढच्या मॉडेलचं नावच गोल्ड स्टार ठेवलं. तो ब्रँड आता महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आहे आणि नवी गोल्ड स्टार २०२४ पासून भारतातही मिळते. म्हणजे पुण्यात एफसी रोडवर जी उभी दिसेल तिच्या टाकीवरचं नाव या वेब्रिजच्या ट्रॅकवरून आलंय.

टेस्ट हिल चुकवू नका, आणि चढताना दम लागला तर लाजू नका. १९०९ ची, गाड्या चढतात का आणि ब्रेक धरतात का हे बघायला मुद्दाम बांधलेली टेकडी, ३५२ फूट लांब, खालून चढ सोपा आणि वर जाता जाता चार फुटाला एक फूट. पोरांना पळायला लावा, थकतील, दुपारी शांत बसतील.

पर्सी लँबर्टची गोष्ट मात्र बँकिंगवर परत जाऊन सांगा, शेडमध्ये नको. १५ फेब्रुवारी १९१३ ला त्यांनी टॅलबॉट गाडीत एका तासात १०० मैलांच्या वर अंतर कापलं, जगात पहिल्यांदा. मग दुसऱ्याने तो विक्रम मोडला, यांना परत घ्यायचा होता, लग्न ठरलेलं, होणाऱ्या बायकोला हे शेवटचं म्हणून सांगितलेलं असं म्हणतात. ३१ ऑक्टोबरला त्याच वर्षी टायर फुटला आणि ते गेले. त्या वळणापाशी ही गोष्ट सांगितल्यावर आमची सगळी मंडळी दोन मिनिटं गप्प होती, एरवी आमच्यात असं होत नाही.

विमानांबद्दल थोडक्यात, कारण हा लेख गाड्यांचा आहे. १९३९ मध्ये युद्ध लागलं आणि रेसिंग संपलं ते संपलंच. इथे हॉकर आणि व्हिकर्सचे विमान कारखाने होते, कामासाठी ट्रॅक मध्येच कापला आणि १९४६ मध्ये सगळं व्हिकर्सला विकलं. वेलिंग्टन बॉम्बर बघा, तो १९८५ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातून वर काढलाय. आणि गंमत म्हणावी की काय, आपला नेपियर-रेल्टनवाला जॉन कॉब १९५२ मध्ये त्याच तळ्यावर बोटीचा वेगाचा विक्रम करताना गेला. एकाच म्युझियममध्ये दोघांच्या वस्तू आहेत, पण ही जोडणी आपली आपण करावी लागते. नेपियर-रेल्टनचं पुढे काय झालं तर युद्धानंतर तिला विमानाचे ब्रेक-पॅराशूट तपासायच्या कामाला जुंपलं, जोरात पळवायची आणि मागून छत्री सोडायची. १९३५ मध्ये ताशी १४३.४४ मैलांचा, कधीच न मोडलेला लॅप रेकॉर्ड केलेली गाडी! मोडणार तरी कसा, ट्रॅकच उरला नाही.

स्वयंसेवकांशी बोला हे वेगळं सांगायला नको, पण "ही गाडी किती जुनी" असं विचारू नका, पाटीवर लिहिलेलं असतं. "ही सुरू कशी करतात" विचारा. मग ते सोडत नाहीत. इंजिन सुरू करायचे खास दिवस असतात, ते जमले तर त्याच दिवशी जा, त्या आवाजापुढे आमचे हे वर्णन काहीच नाही.

जेवायला कॅफे आहे, पण आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली. वेळ उरला तर शेजारच्या बायफ्लीट गावाच्या बाजूला बँकिंगचे आणखी तुकडे उभे आहेत, जुन्या ट्रॅकच्या जागेवर आता टेस्को आणि मार्क्स अँड स्पेन्सरची मोठी दुकानं झाली आहेत, भाजी घ्यायच्या निमित्ताने तेही बघून होतं.

आणि हो, त्याच आवारात लंडन बस म्युझियम आहे. ते अगदी शेवटी ठेवा, विशेषतः सोबत एसटीवाला असेल तर. आम्ही ते दुपारी दोन वाजता "पाच मिनिटं बघून येऊ" म्हणून गेलो. तिथे बाबांना लेलँडचं इंजिन दिसलं. मी म्हटलं बाबा, लेलँडचे चीफ इंजिनिअर पॅरी थॉमस नोकरी सोडून याच ट्रॅकवर येऊन राहिले होते, आवारातच घर होतं, चला दाखवतो. ते म्हणाले तू हो पुढे. साडेचारला त्यांना शोधायला गेलो तर ते तिथल्या एका गोऱ्या आजोबांसोबत बॉनेट उघडून उभे, हे मराठीत बोलतायत, ते इंग्रजीत, आणि दोघं एकाच नटकडे बोट दाखवतायत.